प्रकल्प नोंदी: नऊ वर्षांचा कुत्रा शेरू आणि नवे पिल्लू यांची ओळख, इंदिरानगर, नाशिक

घर: दुसरा मजला, लिफ्ट नाही. हॉल, स्वयंपाकघर, दोन बेडरूम, मागच्या बेडरूमला जोडून जाळी लावलेली बाल्कनी.
माणसे: आजी, नवरा-बायको, कॉलेजला जाणारा मुलगा.
शेरू: गावठी-लॅब्रेडॉर मिश्र नर, नसबंदी झालेली, 27 किलो.
पिल्लू: चिंगी, गावठी मादी, बांधकामाच्या साइटवर सापडलेली. सध्या शेजारच्या सोसायटीत एकांकडे.

8 नोव्हेंबर 2025

पिल्लू अजून घरात आणलेले नाही, आणि ते मुद्दामच. तुळशीची लग्ने उरकली तरी गल्लीत फटाके लगेच थांबत नाहीत. आठ ते अकरा आठवड्यांच्या वयात पिल्लू एखाद्या गोष्टीला घाबरले की ती भीती बरेच दिवस मनात धरते. नव्या घराची पहिली आठवण सुतळी बॉम्बची नको.

आज शेरूची तपासणी, आणि या कामातली सगळ्यात महत्त्वाची नोंद हीच. डॉक्टरांनी उजवा मागचा पाय मागे ताणताच त्याने मान वळवून हाताकडे पाहिले आणि ओठ चाटले. ओरडला नाही. म्हातारी कुत्री दुखण्यावर सहसा ओरडत नाहीत. मागच्या मांड्यांचे स्नायू पुढच्या मानाने उतरलेले, मागच्या पायांची नखे फरशीवर घासून झिजलेली. घरच्यांचे म्हणणे, "वयामुळे जरा मंदावलाय." मंदावलेला नाही, खुब्याचे सांधे दुखताहेत.

म्हाताऱ्या कुत्र्याने पिल्लावर गुरगुरले की त्याला "जळतोय" म्हणतात. बऱ्याच घरांत तो जळत नसतो, त्याला धक्क्याची भीती असते. चार किलोचा गोळा पळत येऊन दुखऱ्या पायावर आदळणार हे त्याला कळलेले असते. म्हणून आधी दुखणे आटोक्यात आणायचे, पिल्लू नंतर. रक्त तपासून (मूत्रपिंड, यकृत) डॉक्टरांनी कुत्र्यांसाठीची वेदनाशामक गोळी सुरू केली आहे, जेवणानंतर द्यायची. माणसांच्या कपाटातली आयबुप्रोफेन किंवा कॉम्बिफ्लामसारखी गोळी कधीही नाही. तिने कुत्र्याच्या जठरात जखमा होतात, मूत्रपिंडही जाते.

शेरूचा वार्षिक बूस्टर आणि रेबीजची लस चालू आहे. नसती, तर पुढच्या सगळ्या तारखा ढकलाव्या लागल्या असत्या.

9 नोव्हेंबर

फरशी आणि गेट.

हॉलमध्ये गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल. शेरू उठताना मागचे पाय फाकतात. पिल्लाने धक्का दिला तर तो घसरणार, दुखणार, आणि दोष पिल्लाच्या नावावर जमा होणार. हॉल ते स्वयंपाकघर आणि हॉल ते बेडरूम या दोन वाटांवर मागून रबर असलेल्या पट्ट्या अंथरल्या. आजींनी सतरंज्या काढल्या होत्या, पण टाइलवर सतरंजी स्वतःच सरकते, म्हणून त्या परत ठेवल्या.

गेट फॅब्रिकेटरकडून करून घेतले, मागच्या बेडरूमच्या चौकटीत बसणारे. उंची तीन फूट. एक इंची चौकोनी पाइपची चौकट आणि त्यावर एक इंच बाय एक इंच वेल्डमेश जाळी. उभे गज नकोत. गजांमध्ये चार इंच फट ठेवायची सवय असते, त्यातून आठ आठवड्यांचे पिल्लू आरपार जाते, किंवा डोके जाते आणि खांदा अडकतो. खालची फट एक इंचाहून कमी. कडी बाहेरच्या बाजूने, एका हाताने उघडेल अशी, कारण दुसऱ्या हातात बहुतेक वेळा पिल्लू असते. जाळीची कापलेली टोके घासून घेतली आहेत का हे हात फिरवून पाहिले. एका कोपऱ्यात राहिली होती.

12 नोव्हेंबर

चिंगी आली, पण आधी दवाखान्यात. दुधाचे सगळे दात आलेले, म्हणजे साधारण आठ आठवडे. वजन 3.4 किलो. कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड, पोट नगाऱ्यासारखे, म्हणजे जंत. वजनावर मोजून जंताचे औषध दिले. पुढचा डोस दोन आठवड्यांनी, बारा आठवडे वयापर्यंत हाच क्रम, मग महिन्याला एकदा, सहा महिने होईपर्यंत. गोचिडीसाठी लहान पिल्लांना चालणारा स्प्रे. मोठ्या कुत्र्यांसाठीचे आंघोळीचे गोचीडनाशक (अमिट्राझचे) या वयात वापरायचे नाही.

आजपासून दोन आठवडे चिंगी मागच्या बेडरूममध्ये वेगळी. पार्व्होची (पिल्लांना होणारा जुलाब-उलट्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) लक्षणे लागण झाल्यावर साधारण तीन दिवस ते दोन आठवड्यांत दिसतात. शेरूला लस आहे, त्याला पार्व्होचा धोका कमी. पण खरूज, गोचीड, खोकला आणि जंत लसीला विचारत नाहीत. शिवाय शेरू रोज बाहेरची माती पायाला लावून येतो, तेव्हा धोका उलट्या बाजूनेही आहे.

बेडरूमच्या दारात वेगळ्या चपला. वेगळा झाडू, वेगळी भांडी. आधी शेरूचे सगळे आटोपायचे, मग चिंगीच्या खोलीत जायचे. फरशीला फिनाईल चालणार नाही. त्याचा वास कितीही उग्र असला तरी पार्व्होचा विषाणू त्याने मरत नाही. 100 मिली साधे ब्लीच तीन लिटर पाण्यात. आधी साबणाने घाण धुवायची, मग हे पाणी दहा मिनिटे फरशीवर ओले राहू द्यायचे, मग साध्या पाण्याचा पोछा. द्रावण रोज ताजे करायचे. ब्लीच आणि बाथरूमचे ॲसिड एकत्र कधीही करायचे नाही, विषारी वायू सुटतो.

रस्त्यावरचे पिल्लू, आई कोण ते माहीत नाही. म्हणून घरच्यांना स्पष्ट सांगितले आहे: खेळताना दात लागून किंवा ओरखडून त्वचा खरचटली किंवा रक्त आले तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचे आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरांकडे जायचे. हळद, चुना काही लावायचे नाही.

13 नोव्हेंबर

रात्री चिंगी रडली, शेरू उठून येरझाऱ्या घालत राहिला. तिच्या खोक्यात दुहेरी गोधडी आणि जुन्या मोज्यात घातलेली कोमट पाण्याची बाटली ठेवली. मुलगा काही रात्री त्याच खोलीत झोपेल. शेरूची झोपायची जागा (पुढच्या बेडरूमच्या उंबऱ्याशी) तशीच. ती एक फूटही हलवायची नाही.

16 नोव्हेंबर

चिंगीची पहिली लस.

वासांची ओळख सुरू, पण एकाच दिशेने. शेरूच्या गळ्याखाली आणि कानांमागे पुसलेला कापड चिंगीच्या खोक्याजवळ ठेवला. चिंगीचा कापड शेरूकडे आत्ताच नाही. तिच्या कोपरांवर आणि कानांच्या कडेला केस विरळ आहेत, खरूज नाही याची खात्री झाल्यावरच.

22 नोव्हेंबर

त्वचेचा नमुना दुसऱ्यांदाही स्वच्छ, खाज नाही, केस भरताहेत. आता चिंगीचा कापड शेरूकडे.

द्यायची पद्धत: कापड जमिनीवर, शेरूपासून सहा-सात फुटांवर. नाकापाशी नेऊन धरायचा नाही. तो आपणहून गेला, हुंगून वळला, की शाबासकी आणि चिकनचा तुकडा. आज त्याने बराच वेळ हुंगले, अंग झटकले आणि जाऊन पडला. अंग झटकणे चांगले, ताण उतरल्याची खूण. कापड उचलून धरून बसला असता किंवा त्यावर मुतला असता तर याच पायरीवर आणखी काही दिवस.

बक्षीस म्हणून पाण्यात उकडलेले चिकन, हरभऱ्याएवढे तुकडे. कांदा, लसूण, मीठ नाही. नाशिकच्या घरात दोन वस्तू कायम हाताशी असतात आणि दोन्ही कुत्र्याला विष: कांद्याने तांबड्या पेशी फुटतात, द्राक्षे-बेदाण्यांनी मूत्रपिंड बंद पडू शकते. किती द्राक्षे चालतील याला सुरक्षित आकडा नाही. लासलगावहून आलेली कांद्याची गोणी बाल्कनीत होती, ती माळ्यावर गेली.

26 नोव्हेंबर

वेगळे ठेवण्याची मुदत संपली. चिंगीला जुलाब, उलटी, खोकला काही नाही. वजन 4.3 किलो. गेटवर पहिली भेट.

शेरूला आधी फिरवून आणले, दोघांचे खाणे होऊन तास उलटलेला. शेरू हॉलमध्ये लांब पट्ट्यावर, गेटपासून आठ फूट. चिंगी आत, मुलाजवळ. शेरूने तिच्याकडे पाहिले की चिकन, नजर वळवली की पुन्हा चिकन. तीन मिनिटांत संपवले. दोघेही निवांत असतानाच थांबायचे. भुंकल्यावर थांबवले तर भुंकल्याने पिल्लू जाते असे मोठे कुत्रे शिकते.

खुणा: एकदा जांभई, दोनदा ओठ चाटले, शेपूट पाठीच्या रेषेत. सौम्य ताण, चालेल. काय चालणार नाही ते घरच्यांना कागदावर लिहून दिले: अंग ताठ करून तोंड मिटून एकटक बघणे, शेपूट ताठ वर धरून टोक तेवढे थरथरणे, खांद्यावरचे केस उभे आणि हालचाल बंद. शेपूट हलते म्हणजे खूश, हे डोक्यातून काढायचे.

आजींचे मत, "अरे, लेकरू आहे ते, उचलून त्याच्या पुढ्यात ने की, म्हणजे ओळख होईल." हे करायचे नाही. हातातल्या पिल्लाला मागे सरता येत नाही आणि मोठ्याला त्याचे अंग वाचता येत नाही. शिवाय दात चालले तर ते पिल्लाच्या तोंडावर किंवा माणसाच्या मनगटावर चालतात. आजींकडे चिकनची वाटी दिली आहे, आता त्या उचलायला जात नाहीत.

28 नोव्हेंबर

अंतर चार फूट. शेरू गेटसमोर आपणहून कुशीवर पडला. पुढची पायरी.

30 नोव्हेंबर

गच्चीवर भेट. तिऱ्हाईत जागा म्हणून मैदान किंवा गोदाकाठ सुचवला जातो, पण लसीचा क्रम पूर्ण नसलेल्या पिल्लाला तिथल्या मातीवर उतरवता येत नाही. पार्व्हो मातीत महिनोन्महिने टिकतो. गच्चीचे दार कायम बंद असते, भटकी कुत्री वर येत नाहीत, आणि शेरूही तिथे कधी जात नाही, म्हणजे ती त्याची हद्द नाही. आदल्या दिवशी धुऊन घेतली. कठड्याच्या पाणी जायच्या भोकांना विटा लावल्या. एवढ्या भोकातून चिंगी गेली असती.

मांडणी: दोन माणसे, दोन पट्टे. शेरूला गळ्याचा पट्टा नाही, छातीचा हार्नेस. गळा ओढला गेला की कुत्र्याला समोरच्याचाच राग येतो. दोघांना दहा फुटांवर समांतर चालवले, एकाच दिशेला, मध्ये माणसे. दर फेरीला अंतर थोडे कमी. समोरासमोर आणले नाही. अर्धवर्तुळात वळवून शेरूला चिंगीच्या मागच्या बाजूने येऊ दिले. पट्टा सैल, पोट दिसेल इतकी झोळ. ताणलेला पट्टा हाच बहुतेक भांडणांचा खरा धनी.

हुंगणे तीन सेकंद, मग दोघांनाही आनंदी आवाजात हाक मारून लांब. पुन्हा तीन सेकंद. चिंगी पाठीवर पडून पोट दाखवू लागली, शेरूने हुंगून तोंड फिरवले. तोंड फिरवणे म्हणजे नाकारणे नव्हे, त्याच्या लेखी ते सभ्य उत्तर आहे. दहा मिनिटांत खाली. शेरू आधी घरात, चिंगी मागून, सरळ तिच्या खोलीत.

1 डिसेंबर

घरात पहिले सत्र, हॉलमध्ये. आधी भांडी, चेंडू, चघळायची हाडके, सगळे उचलले. चिंगीच्या हार्नेसला पाच फुटांची हलकी दोरी, टोकाला फास नाही, म्हणजे टेबलाच्या पायात अडकणार नाही. दोरी जमिनीवर घसरत राहते, गरज पडली तर पाय ठेवून थांबवायची. शेरू मोकळा. पंधरा मिनिटे, मग झोप.

झोपेबद्दल: या वयाचे पिल्लू दिवसाचे अठरा तास तरी झोपते. न झोपलेले पिल्लू चावरे होते, आणि संध्याकाळी सात-साडेसातला चिंगी घरभर सुसाट पळते त्याचे कारण "मस्ती" नसून अर्धवट झोप आहे. त्या वेळेला सत्र ठेवायचे नाही. तेव्हा ती गेटमागे, कोंगसारख्या रबरी खेळण्यात दही-भात घालून.

4 डिसेंबर

शेरू वसकन् अंगावर आला. दात हवेत वाजले, चिंगी किंचाळली आणि दिवाणाखाली गेली. जखम नाही, लाळही लागलेली नाही. शेरू जागेवरच थांबला, मागे धावला नाही, अर्ध्या मिनिटात पुन्हा बसला.

घडले कसे: शेरू दिवाण आणि शोकेसच्या मधल्या दीड फुटाच्या फटीत पडलेला. चिंगी तोंडाशी गेली, त्याने मान वळवली. ती पुन्हा गेली, त्याने ओठ चाटला, डोळ्याचा पांढरा भाग दिसला. तिने शेपटीला लोंबकळून घेतले, तो खालच्या सुरात गुरगुरला. चौथ्यांदा तिने मागच्या पायाला दात लावले. त्याने तीनदा सांगितले, चौथ्यांदा ओरडून सांगितले. निघून जायला वाट नव्हती, तिन्ही बाजूंनी लाकूड.

शेरूला रागवायचे नाही. गुरगुरण्यावर ओरडलात तर तो पुढच्या वेळी गुरगुरणे गाळून थेट चावतो. धोक्याची घंटा काढून टाकण्यासारखेच ते. चिंगीला कुशीत घेऊन "अगं बाई, मारलं का तुला" हेही नको. ती बाहेर आली, अंग झटकले, तिला मुलाने हाक मारून स्वयंपाकघरात नेले, विषय संपला.

बदल: फट प्लायने बंद. हॉलमध्ये शेरूची गादी आता दोन्हीकडून वाट असलेल्या जागी. त्याने मान वळवली किंवा ओठ चाटला की माणसाने लगेच चिंगीला हाक मारायची, गुरगुरण्याची वाट पाहायची नाही.

कधी थांबायचे, तेही ठरवले: दात रुतून भोक पडले, शेरूने पळणाऱ्या पिल्लाचा पाठलाग केला, मान धरून झटकले, किंवा कसलाही आवाज न करता दाबून धरले, तर सत्रे बंद, दोघे वेगळे, आधी डॉक्टर आणि मग पुढचा विचार. लहान पिल्लाच्या अंगावर छोटे भोक दिसले तरी आत मोठे फाटलेले असू शकते.

9 डिसेंबर

थंडी उतरली. नाशिकचा पारा या दिवसांत पहाटे दहाच्या खाली जातो, आणि शेरू सकाळी पहिली वीसेक मिनिटे लाकडासारखा चालतो. नेमके त्याच वेळी सकाळचे सत्र होते. ते साडेदहाला नेले, बाल्कनीत ऊन आल्यावर. गादीखाली गोणपाट आणि थर्माकोलची शीट. जिना उतरताना पोटाखालून टॉवेलचा झोळ देऊन आधार.

दोन दिवसांतच फरक दिसला. चिंगी जवळून पळाली तरी तो दचकून अंग चोरत नाही.

14 डिसेंबर

चिंगीचा दुसरा डोस आणि रेबीजची लस. वजन 6.1 किलो.

खाणे: चिंगीचे तीन वेळा, शेरूचे दोन वेळा, वेगळ्या खोल्यांत, दार बंद. पंधरा मिनिटांनी भांडी उचलायची, रिकामी असली तरी. शेरूला दोन दिवस पातळ शी होत होती. कारण सापडले: चिंगीचे उरलेले पिल्लांचे खाद्य तो साफ करत होता. त्यात चरबी आणि उष्मांक जास्त. या वयात त्याने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि वजन वाढले की सांध्यांवर येते. उलटे, शेरूच्या ताटातली पोळी चिंगीच्या हाडांना पुरत नाही. दूध-पोळी दोघांनाही बंद. दही चालते.

चघळायची वस्तू फक्त गेटच्या दोन बाजूंना असतानाच. शिजवलेले हाड कोणालाच नाही.

20 डिसेंबर

घरचे विचारतात, "खेळायला कधी लागणार?" कदाचित कधीच नाही. नऊ वर्षांच्या दुखऱ्या कुत्र्याकडून खेळाची अपेक्षा धरूच नये. मोजायचे ते वेगळे: पंधरा मिनिटांच्या सत्रात शेरू किती वेळा उठून निघून गेला, आणि चिंगी खोलीत असताना तो कुशीवर पडून डोळे मिटतो का. मुलगा कालनिर्णयच्या चौकटीत रेघा ओढतो. महिन्याच्या सुरुवातीला एका सत्रात सहा-सात रेघा, आता एक किंवा शून्य. आज तो चिंगी जागी असताना घोरला.

28 डिसेंबर

पिल्लाला जे माफ असते त्याची मुदत चार-पाच महिन्यांच्या वयाला संपत येते. शेरूची दटावणी आता लवकर आणि जोरात येते, हे बिघडणे नव्हे. चिंगीची ऊर्जा मात्र दुसरीकडे जिरवायला हवी: दिवसातून दोनदा माणसांबरोबर दोरीची ओढाताण, आणि खाद्याचा निम्मा भाग भांड्यात न देता फरशीवर विखरून हुंगायला.

दोघांच्या वेगळ्या वेळा पक्क्या: संध्याकाळचा अर्धा तास शेरू एकटा आजींपाशी, गेट बंद.

11 जानेवारी 2026

तिसरा डोस. वजन 8.2 किलो. पुढचे दोन दात पडलेत, म्हणजे ती आता सगळे चावणार. ओला कापड पीळ देऊन फ्रीजरमध्ये गोठवून द्यायचा. शेरूच्या कानांना लागली की सत्र तिथेच थांबवायचे.

बाहेर फिरणे आणखी दोन आठवड्यांनी, तोवर लस अंगी लागेल. सुरुवातीला दोघांना वेगवेगळे न्यायचे. शेरूच्या आडोशानेच गल्ली शिकलेले पिल्लू तो नसताना कोपऱ्यापर्यंतही जात नाही, आणि त्याच्या चालीने चालायला तिला जमणार नाही.

संक्रांतीचा मांजा गच्चीवर पडेल, म्हणून गच्ची महिनाअखेरपर्यंत बंद. द्राक्षांचा हंगाम सुरू होतोय, पेट्या टेबलाखाली ठेवायच्या नाहीत.

गेट काढायचे नाही. घरात कोणी नसताना आणि रात्री दोघे अजूनही वेगळेच. चिंगीच्या नसबंदीची वेळ सहा महिन्यांच्या तपासणीत ठरेल, त्याच दिवशी शेरूच्या रक्ताची फेरतपासणी.